कांठास लागतांना

शिवनेरीच्या पायथ्याशीं किंवा भीमाशंकराच्या रानाजवळ वाढलेल्या मुलास समुद्र ठाऊक असतो तो भूगोलाच्या पुस्तकांतला, नाहीं तर मुंबईस नोकरीला असलेल्या मामाकडे सुटींत गेला असतां पाहिलेला. अशा डोंगरी मुलखांतील शाळेच्या वार्षिक अंकांत यंत्राच्या होडीविषयीं लेख कशाला, अशी शंका आमच्या पुष्कळ वाचकांस येईल. त्यांनीं आमच्या वसतिगृहांतील मुलांस विचारावें. कुकडी प्रकल्पाचीं येडगांव, माणिकडोह, वडज, पिंपळगांव जोगे आणि डिंभे हीं पांच धरणें जुन्नर व आंबेगांव ह्या दोन तालुक्यांत आहेत, आणि धरण म्हटलें म्हणजे त्याच्या मागें कोसच्या कोस पसरलेलें पाणी आलेंच. जो ओढा आजोबा धोतर वर खोंचून ओलांडीत, तेथें नातवास लाँचेची वाट पाहात उभें राहावें लागतें. सडकेनें जावें तर पाण्यास वळसा घालतां घालतां अर्धा दिवस मोडतो. तेव्हां येथें लाँच ही सहलीची वस्तु नव्हे. ती शाळेची वाट आहे, बाजाराची वाट आहे, आणि अडलेल्या बाईची दवाखान्याची वाटहि आहे.

आम्ही सांगणार ती हकीकत डिंभ्याच्या जलाशयावरची आहे. घोडनदीवरील ह्या धरणांत सुमारें १२.५ टी. एम. सी. उपयुक्त पाणी राहतें. ज्या आंबेगांवावरून तालुक्यास नांव पडलें तें जुनें आंबेगांव ह्या पाण्याखालीं गेलें. तालुक्याची कचेरी घोडेगांवास, मोठी बाजारपेठ मंचरास, आणि मूळचें आंबेगांव तेवढें जलाशयाच्या तळाशीं, असा हा चमत्कारिक तालुका आहे. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजे जुन्या भिंती व जोतीं उघडीं पडतात, आणि म्हातारीं माणसें काठीनें दाखवितात कीं येथें आमची ओसरी होती. जलाशयास हुतात्मा बाबू गेनू ह्यांचें नांव दिलेलें आहे. ते ह्याच तालुक्यांतील महाळुंगे पडवळ येथील. १२ डिसेंबर १९३० रोजीं मुंबईंत परदेशी कापडानें भरलेल्या लॉरीपुढें ते आडवे झाले आणि लॉरी त्यांच्या अंगावरून गेली. दरवर्षीं डिसेंबरांत मुलांस हा प्रसंग सांगतांना आम्हांस त्याच महिन्यांतली दुसरी एक सकाळ आठवते. तिच्यांत हौतात्म्य कांहीं नाहीं. आमची स्वतःची चूक आहे.

कोचीजवळ बोळगट्टी बेटावर मरीना म्हणून एक बांधीव जागा आहे. हौशी लोकांच्या नौका ठेवण्याच्या अशा जागा जगांत ठिकठिकाणीं असतात. तेथें पाण्याबरोबर वरखालीं होणारे तरंगते धक्के असतात, गोठ्यांत जनावरास दावण ठरलेली असावी तशी प्रत्येक नौकेस जागा ठरलेली असते, आणि आंत शिरतांना यंत्र अगदीं मंद ठेवावें असा सर्वत्र दंडक आहे. आमच्या डिंभ्यास तरंगता धक्का नव्हता, दावण नव्हती. दिवाळीच्या सुमारास लाँच भातखाचराच्या बांधास लागे; तीच वैशाखांत कितीतरी खालीं, चिखलांत लागे. दर पंधरवड्यास नावाड्यानें नवा उतार शोधावयाचा. कोठें खडक, कोठें बुडालेल्या आंब्याचें खोड, कोठें कोणाच्या घराचा चौथरा. शिवाय त्याच उतारावर बाया धुणें धूत असत आणि म्हशी पाण्यांत बसलेल्या असत.

आतां 'मंद' म्हणजे काय, तें थोडें सांगितलें पाहिजे. मोटारसायकल चालविणारे पालक जाणतात कीं मूठ पूर्ण सोडली तरी इंजिन बंद पडत नाहीं. तें आपल्याशींच गुणगुणत राहतें. ह्या चालीस कारागीर 'आयडलिंग' म्हणतात, कोणी 'स्लो' म्हणतात. होडीच्या मागें टांगलेल्या यंत्रांत ही चाल मिनिटास साधारण ६०० ते १००० फेऱ्यांची असते, आणि जुन्या तऱ्हेच्या यंत्रांत ती कमीअधिक करण्यास कार्बोरेटरवर एक लहानसा स्क्रू असतो. मोटारसायकलीस ब्रेक आहे. होडीस नाहीं. दांडा पुढें लोटला कीं गिअर पडतो, पंखा फिरूं लागतो, आणि मूठ मुळींच न पिळतां होडी चालूं लागते. म्हणजे गिअर घातलेल्या होडीची सर्वांत कमी गति कोणती, हें तो स्क्रू ठरवितो. तो वर चढविलेला असला तर नावाडी कितीहि शहाणा असो, गिअरमध्यें असेपर्यंत त्याच्या होडीस त्याहून हळू चालतां येत नाहीं.

हिशेबाची आवड असणाऱ्यांनीं असें धरावें कीं यंत्राच्या दोन फेऱ्यांस पंख्याची एक फेरी होते, आणि पंखा दर फेरीस पाव मीटर पुढें सरकतो. यंत्राच्या ९०० फेऱ्यांस पंख्याच्या ४५०, म्हणजे मिनिटास ११२.५ मीटर, म्हणजे ताशीं पावणेसात किलोमीटर. पाणी हें लांकडासारखें घट्ट नसल्यामुळें पंखा त्यांत घसरतो आणि होडी प्रत्यक्षांत ह्याहून बरीच मागें राहते; तरी तुलनेपुरता हा हिशेब पुरे. चाल ७०० वर आणली तर ताशीं सव्वापांच किलोमीटर येतात. फरक थोडा दिसतो. परंतु आघाताचा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणें वाढतो. ९०० चे १२०० झाले तर वेग एकतृतीयांशानें वाढतो आणि आघात जवळजवळ पावणेदोनपट होतो. हा हिशेब आम्हांस त्या दिवशींहि येत होता.

ती २०१३ सालच्या डिसेंबरांतील सोमवारची सकाळ होती. शनिवारीं आम्ही पलीकडच्या वाड्यांवर मुलांच्या घरभेटीस गेलों होतों, आणि घरीं गेलेल्या नऊ मुलांस घेऊन परत निघालों होतों. बरोबर तीनचार बाया व त्यांचीं गांठोडीं होतीं. पाण्यावर धुकें इतकें कीं समोरचा डोंगर दिसत नव्हता. कोणाच्याहि अंगांत तरंगावयाचें जाकीट नव्हतें. तें लाँचेंतच, फळीखालीं, दोरीनें बांधून ठेविलेलें होतें. नावाडी साठीच्या घरांतले. त्यांस सर्व जण 'बाबा' म्हणत, आणि आम्हीहि म्हणत असूं.

यंत्र सुरू होई, पण गिअर पडला कीं एक आचका देऊन बंद पडे. असें तीन वेळां झालें. मुलें थंडीनें कुडकुडत होतीं, घंटेची वेळ जवळ येत होती, आणि आम्ही पदार्थविज्ञानाचे पदवीधर होतों. आमच्या खिशांतील चाकूस पेंचकसाचें पातें होतें. आम्हीं झांकण काढावयास सांगितलें.

"बाबा, ह्याचं आयडलिंग फार खाली आहे. थोडं वाढवतो."

"गुरुजी, ते मीच खाली ठेवलंय. कडंला लावाया बरं पडतं."

"पण मशीन चालूच राहिलं नाही, तर कडेला लागणार कसं?"

बाबा हसले व गप्प राहिले. शिकलेल्या माणसापुढें ते फारसें बोलत नसत, आणि त्यांच्या गप्प राहण्याचा अर्थ आम्हीं आमच्या सोयीनें लावला. तो स्क्रू आम्हीं दीड फेरी आंत फिरविला. यंत्र एकदम गाऊं लागलें. गिअर पडला तरी बंद पडलें नाहीं. मुलांनीं टाळ्या वाजविल्या. लाँच चालूं लागल्यावर आम्हीं त्यांस तेथल्या तेथें कार्बोरेटरवर लहानसें व्याख्यानहि दिलें, हें येथें लपविण्यांत अर्थ नाहीं.

अलीकडच्या कांठाजवळ पाण्यांत आंब्याचें एक खोड अर्धे वर होतें. तें आलें कीं बाबा मूठ सोडीत. होडीचें नाक खालीं बसे. मग पांढऱ्या दगडाजवळ दांडा मधोमध आणून गिअर काढीत, आणि लाँच आपोआप सरकत जाऊन बांधास टेके. वर्षानुवर्षांची ती संवय. त्या दिवशीं खोडाजवळ त्यांनीं मूठ सोडली, पण नाक नेहमींसारखें बसलें नाहीं. पाणी तसेंच कापलें जात होतें. "सलो होईना," एवढेंच ते म्हणाले. त्यांनीं गिअर काढला. परंतु चौदापंधरा माणसांचें ओझें एकदा चालूं लागलें म्हणजे तें सांगितल्याबरोबर थांबत नाहीं. मग त्यांनीं दांडा मागें ओढला. उलटा गिअर पडावयाचा तो यंत्राच्या मंद चालींतच सहज पडतो; चढलेल्या चालींत दांते एकमेकांवर घासतात. खरखर झाली. गिअर पडला तेव्हां लाँच खडकावर आदळून चुकली होती.

पुढच्या टोकास आठवीचा एक मुलगा दोर हातांत घेऊन उकिडवा बसला होता. उडी मारून दोर खुंट्यास गुंडाळणें हें त्याचें नेहमींचें काम, आणि त्याचा त्यास अभिमान होता. तो पुढें फेंकला गेला. त्याचा डावा हात होडीचें टोक व खडक ह्यांच्या मध्यें सांपडला. आम्हीं त्यास उचललें तेव्हां तो पहिलें वाक्य बोलला तें असें: "गुरुजी, दोर सुटला नाही ना?"

घोडेगांवास नेऊन उपचार झाले. दोन बोटें चेंगरलीं होतीं; त्यांतील एकाचें वरचें पेर काढावें लागलें.

उतारावर त्या दिवशीं जी गर्दी जमली तिनें बाबांस हवें तें बोलून घेतलें. म्हातारा झाला, डोळ्यांनीं दिसत नाहीं. कोणी त्याहून वाईट बोललें. त्यांनीं एकदाच आमच्याकडे पाहिलें. आम्ही मुलास धरून उभे होतों, आणि मुलास लौकर हालवावयाचें आहे ह्या निमित्तानें आम्हीं तोंड उघडलें नाहीं. निमित्त खरें होतें. परंतु त्या रात्रीं, दुसऱ्या दिवशीं, व पुढें नऊ दिवस आम्हांस तेवढेंहि निमित्त नव्हतें. रविवारीं उपासनेंत बसलों असतां पुढें काय चाललें आहे तें कानांवर येत होतें, आणि मन दीड फेरी मोजीत होतें. मुलांच्या निबंधांत आम्ही प्रामाणिकपणास दहापैकीं किती गुण दिले असतील तें देव जाणे.

दहाव्या दिवशीं आम्ही मुलाच्या वडिलांकडे गेलों. डोंगरउतारावर भात व नाचणी करणारा माणूस. आम्हीं सर्व सांगितलें: स्क्रू, दीड फेरी, बाबांचें सांगणें, आमचें उत्तर. ते पुष्कळ वेळ भिंतीकडे पाहात बसले. मग म्हणाले, "बाबाला लोकांनी शिव्या दिल्या, त्या कड्यावर दिल्या. तुम्ही माझ्या घरात येऊन सांगता व्हय?"

ह्याला उत्तर नव्हतें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं लाँच सुटण्याच्या वेळीं आम्ही उतारावर गेलों आणि चहाच्या टपरीपुढें दहावीस माणसांत तीच हकीकत पुन्हां सांगितली. कोणी फार कांहीं बोललें नाहीं. बाबा दोर उलगडीत होते. ते म्हणाले, "मला ठावं व्हतं, गुरुजी. पर दांडा माझ्या हातात व्हता." आणि मग, थोड्या वेळानें, "शनवारी या. मशीन खोलू."

तो शनिवार आमच्या शिक्षणांतील महत्त्वाचा दिवस आहे. बाबांनीं चटईवर धोतराचा तुकडा पसरला आणि यंत्राचे भाग ओळीनें मांडले. कार्बोरेटरमध्यें मंद चालीसाठीं केसासारखें बारीक एक छिद्र असतें. पेट्रोल फार दिवस पडून राहिलें म्हणजे त्याचा चिकट गाळ त्या छिद्रांत बसतो. तें छिद्र निम्म्याहून अधिक बुजलें होतें. टांकीच्या तळाशीं पेट्रोलाबरोबर पाणीहि निघालें. प्लग काळा पडला होता. म्हणजे यंत्र मंद ठेवल्यामुळें बंद पडत नव्हतें. तें आजारी होतें, आणि मंद चालींत त्याचें आजारीपण दिसत होतें, इतकेंच. आम्हीं स्क्रू फिरवून तें आजारीपण झांकलें होतें. यंत्र जोरांत फिरूं लागलें म्हणजे बुजलेल्या छिद्राचा दोष कळत नाहीं. (वर्गांत मुलें ऐकत नाहींत म्हणून आम्ही आवाज चढवितों तेव्हांहि कधीं कधीं असेंच होत असेल. हें आमच्या सहकाऱ्यांनीं वाचलें तरी चालेल.)

छिद्र साफ केलें, पेट्रोल गाळून घेतलें, प्लग नवा घातला. मग बाबांनीं यंत्र चांगलें दहा मिनिटें तापूं दिलें. थंड यंत्राची चाल जुळवूं नये. तें तापल्यावर चाल आपोआप बदलते. त्यानंतर त्यांनीं स्क्रू इतका थोडा थोडा मागें घेतला कीं पाहणाऱ्यास पेंचकस हालल्याचें कळूं नये. प्रत्येक वेळीं गिअर घालावयाचा, काढावयाचा, उलटा घालावयाचा, पुन्हां काढावयाचा. एका ठिकाणीं यंत्र गुदमरलें, तेव्हां ते पुन्हां किंचित् वर आले. कारण हळूपणाचीहि सीमा आहे. चाल इतकी उतरविली कीं गिअर पडतांच यंत्र मरावें, तर ऐन कांठाजवळ उलटा गिअर घालावयाची वेळ येते तेव्हां हातांत कांहींच राहात नाहीं. बाबांस बंद पडणारें यंत्र नको होतें, पळणारेंहि नको होतें.

चाल मोजावयास यंत्र आमच्याजवळ नव्हतें. दुसऱ्या खेपेस आम्हीं दहावीच्या मुलांस बरोबर नेलें आणि कांठावर २० मीटर अंतरानें दोन काठ्या रोवल्या. मूठ पूर्ण सोडून, गिअर घालून लाँच कांठाच्या समांतर न्यावयाची, आणि मुलांनीं घड्याळ धरावयाचें. बाबांनीं नव्यानें लावलेल्या चालींत २० मीटरांस २७ सेकंद लागले, म्हणजे ताशीं पावणेतीन किलोमीटरांच्या आंतच. रमतगमत चालणाऱ्या माणसाहूनहि सावकाश. मग आमची दीड फेरी पुन्हां देऊन पाहिली. १८ सेकंद. ताशीं चार किलोमीटर. मुलांनीं वहींत मांडलें: वेग दीडपट, आघात सव्वादोनपट. एकानें विचारलें, "सर, चार किलोमीटर म्हणजे काहीच नाही ना?" त्याच्या शेजारीं डाव्या हातास पट्टी बांधलेला मुलगा बसला होता. प्रश्न विचारणाऱ्यानें त्याच्याकडे पाहिलें आणि वही मिटली. टनभर वजनाच्या वस्तूस ताशीं चार किलोमीटर पुष्कळ होतात. तशा होडीपुढें हात किंवा पाय घालून तिला थोपवूं पाहणें हा वेडेपणा होय; आणि आमचीं मुलें तो रोज करीत होतीं.

पेंचकसाची खूण राहावी म्हणून बाबांनीं सुनेच्या नखांचा लाल रंग आणून स्क्रूवर एक ठिपका दिला. "आता कुणी हात लावला तर दिसंल," असें म्हणून त्यांनीं आमच्याकडे पाहिलें. ह्या वेळीं ते मोकळेपणानें हसले.

त्यानंतर आम्ही पुष्कळदा त्यांच्याजवळ मागें बसून त्यांचा हात पाहात असूं. बाहेरून पाहणाऱ्यास वाटे कीं म्हातारा कांहींच करीत नाहीं. वस्तुतः कांठाच्या शेवटच्या पन्नास मीटरांत त्यांचा हात एकसारखा चालत असे. गिअर घालावयाचा, मनांत दोन मोजावयाचे, काढावयाचा, पांच मोजावयाचे, पुन्हां घालावयाचा. ह्यांत एक मर्म आहे. मागें टांगलेल्या यंत्रास निराळें सुकाणूं नसतें. पंखाच पाणी ज्या बाजूस लोटतो त्यावरून होडी वळते. म्हणून पंखा थांबला कीं वळविणें जवळजवळ संपलें. होडी मग वाऱ्याच्या व आपल्या आधींच्या वेगाच्या स्वाधीन होते. वळावयाचें तर पंखा फिरला पाहिजे. पंखा फिरला कीं होडी पुढें जाणार. तेव्हां तो शक्य तितका हळू फिरला पाहिजे. बाबांस स्क्रू खालीं कां हवा होता तें आम्हांस हें पाहिल्यावर नीट समजलें. त्यांनीं तें एका वाक्यांत सांगितलें होतें. आम्हांस दोन महिने लागले.

वारा असला म्हणजे निराळें गणित. उन्हाळ्यांत दुपारनंतर वारा उठतो. रिकामी लाँच पाण्यावर पत्रावळीसारखी हलकी. फार हळू आली तर वारा तिचें तोंड फिरवितो. अशा वेळीं बाबा सरळ उताराकडे न येतां वळसा घेऊन वाऱ्याच्या तोंडावर येत, म्हणजे यंत्र पुढें लोटी आणि वारा मागें, आणि दोहोंच्या मध्यें लाँच जवळजवळ उभी राही. पाठीवर वारा घेऊन कांठास कधीं येऊं नये, असें ते आपल्या पुतण्यास शिकवीत. धुणें धुणाऱ्या बाया दिसल्या कीं ते खोडाच्या कितीतरी आधींच मूठ सोडीत, कारण होडीमागची लाट होडीपेक्षां उशीरां पोंचते, आणि होडी थांबल्यावर ती बायांच्या पातळांवर व लहान मुलांच्या तोंडावर येते. व्हेनिस शहरांत रस्त्यांच्या जागीं कालवे आहेत. यंत्रहोड्यांच्या लाटांनीं तेथील घरांचे पाये झिजतात, म्हणून कालव्यांतून ताशीं अवघ्या ५ ते ७ किलोमीटरांची मर्यादा घातलेली आहे. बाबांनीं व्हेनिसचें नांव ऐकलें नव्हतें. त्यांच्यापुढें भातखाचराचा बांध होता, आणि लाटेनें बांधाची माती सुटते हें त्यांस दिसत होतें.

बंदरांत शिरण्याची ही कला आपल्याकडे फार जुनी आहे. आमच्या सहलींत नाणेघाटांतील लेणें व दगडी रांजण सर्वांनीं पाहिलेच आहेत. सातवाहनांच्या काळीं जुन्नरचा माल त्या वाटेनें कोंकणांत उतरून कल्याण व सोपारा ह्या बंदरांस जात असे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' नांवाच्या ग्रीक ग्रंथांत ह्या किनाऱ्याचें वर्णन आहे, आणि त्यांत भडोचविषयीं लिहितांना सांगितलें आहे कीं तेथील नदीच्या मुखाशीं वाळूचे उथळ भाग असल्यामुळें राजाच्या चाकरींतील कोळी मोठ्या होड्या घेऊन परदेशी गलबतांस सामोरे जात आणि त्यांस ओढून सुरक्षित जागीं नेत. अर्धा समुद्र ओलांडून आलेला परदेशी कप्तान शेवटच्या टप्प्यावर आपलें गलबत तेथल्या कोळ्याच्या हातीं देत असे. हें आम्ही इतिहासाच्या तासाला कित्येक वर्षें शिकवीत होतों. डिंभ्याच्या कांठीं मात्र आम्हीं उलट केलें.

अलीकडे निघालेल्या कांहीं यंत्रांत ही चाल कळ दाबून मिनिटास पन्नास पन्नास फेऱ्यांनीं वरखालीं करितां येते, आणि मासे धरणारे किंवा मरीनेंत शिरणारे लोक तिचा उपयोग करितात. तशीं यंत्रें महाग असतात.

बाबा २०१९ सालीं वारले. त्यांच्या आधींच तें जुनें यंत्र मोडींत गेलें होतें. दोर धरणारा तो मुलगा बारावी होऊन मंचरास एका दुकानांत लागला. गेल्या जूनमध्यें भावाच्या मुलीचें नांव घालावयास तो शाळेंत आला होता. अर्ज त्यानें डाव्या हातानें दाबून धरला आणि उजव्यानें भरला. आम्हीं उगाच दुसरीकडे पाहिलें तेव्हां तोच म्हणाला, "सर, आता थंडीतसुद्धा दुखत नाही."

पावसाळा संपल्यावर त्या मुलीस घरीं पोंचविण्यासाठीं आम्ही लाँचेनें गेलों. लाँच नवी, यंत्र नवें, आणि दांड्यावर बाबांचा पुतण्या. सर्वांच्या अंगांत जाकिटें होतीं. पलीकडचा कांठ जवळ येतांच त्यानें मूठ सोडली. नाक खालीं बसलें. गिअर घातला, काढला, घातला, काढला. आम्ही संवयीनें मनांत मोजीत होतों. लाँच बांधापासून हातभर राहिली असेल, तोंच मुलगी दप्तर सांवरून उठूं लागली.

"बस गं," तो तिच्याकडे न पाहतांच म्हणाला. "अजून लागली न्हाई."